पाथरीचे कुलकर्णी आणि नगरचा निजाम

आमच्या परभणी जिल्ह्यात ‘निजाम’ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच निजाम येतो. हैदराबादचा. त्यात नवल काहीच नाही. दोनशेहून जास्त वर्षं आम्ही त्याच्या मुलखात होतो आणि १७ सप्टेंबर १९४८ ला सुटलो. आमच्या आबांच्या वडिलांनी रझाकारांचे दिवस पाहिलेले, त्यामुळे घरात ‘निजामाचं राज्य’ हा शब्द कुठल्या तरी जुन्या दुखण्याचं नाव घ्यावं तसा घेतला जातो. पण या निजामाच्या कितीतरी आधी दख्खनमध्ये आणखी एक निजामशाही होऊन गेली, अहमदनगरची (म्हणजे आजच्या अहिल्यानगरची), आणि तिचं मूळ आमच्याच पाथरीत आहे, हे मला अठरा वर्षांची होईपर्यंत माहीत नव्हतं! आमच्या कॉन्व्हेंटच्या हिस्ट्रीमध्ये बहमनी राज्याचे पाच तुकडे एका वाक्यात आटोपले होते. पाच नावं घोकायची, दोन मार्क घ्यायचे आणि पुढच्या धड्याला लागायचं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या महिन्यातलं आमचं ग्रुप डिस्कशन. प्लेसमेंटची तयारी म्हणून दर शनिवारी आम्ही बसतो. विषय निघाला, ‘धर्म राष्ट्राला बलवान करतो की दुबळं?’ मग काय विचारता! पाचच मिनिटांत मासळीबाजार झाला. एक पार्टी म्हणाली, एक धर्म, एक झेंडा असल्याशिवाय कुठलंही राष्ट्र मोठं झालेलं नाही. दुसरी म्हणाली, धर्म बाजूला सारला तेव्हाच युरोप पुढे गेला. तिसऱ्या पार्टीचं (ही नेहमी शेवटच्या बाकावर असते) म्हणणं असं की, धर्म-बिर्म सब झूट, ज्याच्याकडे बॉम्ब तो मोठा. उदाहरणं आली ती इस्राएलची, जपानची, अमेरिकेची. आपल्या इकडचं एकही नाही. माझ्या डोक्यात पाथरी घोळत होती, पण तोंड उघडायला जागा मिळेपर्यंत ‘टाइम अप’ झालं. जे तिथे बोलायचं राहिलं ते इथे लिहिते आहे.

तर गोष्ट अशी. फिरिश्ता नावाचा एक इतिहासकार होऊन गेला. त्याचं लहानपण अहमदनगरात गेलं. त्याने लिहून ठेवलंय की, पाथरीचं कुलकर्ण एका ब्राह्मण घराण्याकडे होतं. काही कारणाने त्या घराण्यातली मंडळी गाव सोडून विजयनगरच्या राज्यात गेली. तिथे भैरव नावाच्या माणसाचा मुलगा तिमाप्पा अगदी लहान असताना बहमनी सुलतान अहमदशाहाच्या फौजेच्या हाती सापडला. त्याला मुसलमान करण्यात आलं, नाव ठेवलं हसन, आणि शाहजाद्याबरोबर शिकायला बसवलं. पोरगा हुशार निघाला, फारसी आणि अरबी दोन्हीत तयार झाला. बापाच्या नावावरून त्याला ‘मलिक हसन भैरू’ म्हणत. शाहजाद्याला ‘भैरू’ काही नीट म्हणता येईना, त्याचं ‘बहरी’ झालं. बहरी म्हणजे ससाणा! कुलकर्ण्यांच्या घरातला भैरव असा सुलतानांच्या किताबात जाऊन बसला.

हाच मलिक हसन पुढे बहमनी दरबारात निजाम-उल-मुल्क झाला. तो काही साधुसंत नव्हता, हेही सांगायला पाहिजे. बहमनी दरबारात तेव्हा दोन तट होते. एक दख्खनी, म्हणजे इथलेच मुसलमान, आणि दुसरे आफाकी, म्हणजे इराण-तुराणकडून आलेले. धर्म एक, पण एकमेकांचं तोंड पाहायची तयारी नाही. आफाकींपैकी सर्वांत मोठा माणूस म्हणजे वजीर महमूद गावान. बिदरला त्याने १४७२ साली बांधलेला मदरसा पडक्या अवस्थेतही पाहण्यासारखा आहे. या गावानच्या शिक्क्याचा कागद मिळवून त्यावर खोटं पत्र लिहिण्यात आलं, सुलतानाने खातरजमा न करता १४८१ साली त्याचं डोकं उडवलं. या कटात मलिक हसनचा हात होता. पाच वर्षांनी त्याचाही गळा बिदरमध्येच घोटला गेला. एवढ्या कर्तबगार माणसांनी एकमेकांना संपवल्यावर राज्य राहणार कसं? त्याचे पाच तुकडे पडले आणि त्यातला एक, अहमदनगरचा, १४९० साली मलिक हसनच्या मुलाने म्हणजे अहमदने उभा केला.

इथवर आलो की ‘एक धर्म, एक झेंडा’वाल्या पार्टीला मला पहिला प्रश्न विचारावासा वाटतो. बहमनी राज्य फोडलं कोणी? परधर्मीयांनी? विजयनगरशी दीडशे वर्षांच्या लढाया चालू असूनही ते टिकून होतं. फुटलं ते आतल्या आत.

आता पाथरीकडे येऊ. नव्या वाटणीत पाथरी गेली वऱ्हाडच्या इमादशाहीकडे. इमादशाहीचा संस्थापक फतहुल्लाह, तोही जन्माने विजयनगरकडचा हिंदूच, लढाईत सापडलेला आणि मुसलमान झालेला. म्हणजे शेजारी-शेजारी दोन राज्यं, दोन्ही मूळच्या हिंदू घरातल्या मुसलमानांची. आता खरं तर भाऊबंदकी नको, बंधुभाव पाहिजे, नाही का? पण नगरला राज्य आलंय म्हटल्यावर निजामशाहांचे ब्राह्मण नातेवाईक तिथे जाऊन पोचले. (नातेवाईक म्हणजे सगळीकडे सारखेच!) त्यांचं मागणं एकच, आमचं वडिलोपार्जित गाव पाथरी आपल्या राज्यात आणा. निजामशाहाकडून वऱ्हाडला निरोप गेला की पाथरी आम्हाला द्या, बदल्यात तिच्याहून जास्त उत्पन्नाचा परगणा घ्या. इमादशाह म्हणाला, नाही देत. उलट त्याने पाथरीला किल्ला बांधायला घेतला. मलिक हसनचा नातू बुऱ्हाण निजामशाह याने १५१८ साली चाल करून पाथरी घेतली. पुढे इमादशाहाने गोवळकोंड्याची मदत घेऊन ती परत घेतली. मग बुऱ्हाणने बिदरच्या बरीदला बरोबर घेऊन पुन्हा हल्ला केला, किल्ला जमीनदोस्त केला, आणि फिरिश्ता सांगतो की तो मुलूख आपल्या ब्राह्मण नातेवाइकांना इनाम देऊन टाकला. अकबराच्या काळापर्यंत तो त्यांच्याकडे होता म्हणे.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. एक मुसलमान सुलतान दुसऱ्या मुसलमान सुलतानाशी लढतो, कशासाठी, तर ब्राह्मण नातेवाइकांच्या कुलकर्णासाठी! याला धर्मयुद्ध म्हणायचं की जमिनीचा दावा? आमच्याकडे बांधावरून कोर्टात पिढ्यान्‌पिढ्या तारखा चालतात, त्यातलाच हा प्रकार, फक्त वकिलांच्या जागी हत्ती. अर्थात नातेवाईक हे निमित्त. गोदावरीकाठची काळी जमीन कोणाला नको असते?

पण हा दावा महागात पडला. हरलेल्या इमादशाहाने थेट गुजरातच्या बहादुरशाहाला हाक मारली. १५२८ च्या शेवटी तो दख्खनमध्ये उतरला आणि बुऱ्हाणवर त्याच्या नावाने खुतबा वाचायची नामुष्की आली. एका पाथरीपायी गोवळकोंडा, बिदर, गुजरात असे सगळे गुंतले. स्पर्धा म्हणतात ती ही.

याच बुऱ्हाणने १५३७ च्या सुमाराला शाह ताहिर या इराणी विद्वानाच्या प्रभावाखाली शिया पंथ स्वीकारला आणि तोच राज्याचा पंथ केला. त्याची श्रद्धा खरीच असेल, मी कोण नाही म्हणणार? पण राजाने श्रद्धा बदलली की त्याचा हिशेबही बदलतो. एकीकडे इराणशी संबंध जुळले, तिकडची विद्वान माणसं यायला लागली. दुसरीकडे सुन्नी शेजाऱ्यांना अहमदनगरचे लचके तोडायला आयतं निमित्त मिळालं. आणि मौज बघा, याच दशकात, १५३६ साली, तिकडे युरोपात फ्रान्सचा कॅथलिक राजा पहिला फ्रान्सिस हा तुर्कस्तानच्या सुलतान सुलेमानशी करार करत होता, तोही दुसऱ्या कॅथलिक राजाविरुद्ध. १५४३ मध्ये दोघांनी मिळून नीस शहराला वेढा घातला. म्हणजे धर्म आणि सत्तेचा हा खेळ काही फक्त आपल्या मातीत चालत नव्हता.

आता थोडं आपल्या, म्हणजे इंजिनिअर मंडळींच्या, आवडीचं बोलू. मराठीत फर्ड्या वक्त्याला आपण ‘मुलूखमैदान तोफ’ म्हणतो. ही तोफ खरोखरच आहे, विजापूरच्या बुरुजावर आजही ठेवलेली. पण ती विजापूरची नाही. ती ओतली अहमदनगरात, १५४९ साली, याच बुऱ्हाणसाठी. लांबी साधारण १४ फूट, वजन सुमारे ५५ टन, तोंडाला हत्तीला गिळणारा सिंह. धातू म्हणजे तांबं आणि कथील, साधारण चारास एक. वर्कशॉपमध्ये फाउंड्रीच्या प्रॅक्टिकलला आपण मूठभर ॲल्युमिनियम ओततो तरी ब्लोहोल्स येतात आणि जर्नलला सही मिळत नाही. इथे ५५ टन ब्राँझ! एका भट्टीचं काम नव्हे ते. सगळ्या भट्ट्यांमधला रस साच्यात अखंड पडत राहिला पाहिजे, मध्ये थांबला तर थर जोडला जात नाही आणि पहिल्याच बाराला तोफ फुटते. हे ज्याने साधलं तो कारागीर रुमी, म्हणजे तुर्कस्तानकडचा. तोफेवरच्या लेखात बुऱ्हाण स्वतःला पैगंबराच्या घराण्याचा सेवक म्हणवतो. विचार करा, पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातल्या भैरवाचा पणतू, इराणी गुरूकडून मिळालेला शिया पंथ, तुर्की कारागीर, आणि तोफ कशासाठी तर शेजारच्या आदिलशहावर डागायला, जो इस्लामच मानणारा. आमच्या ग्रुप डिस्कशनचा अख्खा विषय त्या एका ओतकामात आहे.

माझं मत विचाराल तर ते असं. राज्याला धर्माने झेंडा मिळतो, शपथ घ्यायला नाव मिळतं, कधी मित्रही मिळतात. पण ताकद येते ती बरोबरीच्या शेजाऱ्याच्या धाकाने. पाच राज्यं एकमेकांच्या उरावर बसलेली, म्हणून प्रत्येकाला चांगला तोफ ओतणारा पाहिजे, हिशेब जाणणारा पाहिजे, घोडेस्वार पाहिजेत. मग माणूस कुठल्या देवाला हात जोडतो हे विचारायला फुरसत कोणाला? अहमदनगरला मंत्रिपदावर ब्राह्मण आले, फौजेत मालोजीराजे आणि शहाजीराजे भोसले आले, आणि लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला इथिओपियाचा मलिक अंबर तर अखेर राज्याचा कर्ता पुरुषच झाला. हे उदारपणाने झालं असं मी म्हणत नाही. गरजेने झालं. उदारपणावर माझा तसाही फारसा विश्वास नाही.

आता कोणी म्हणेल, आणि ग्रुप डिस्कशनमध्ये हा मुद्दा निघता तर मलाही जड गेला असता, की १५६५ च्या तालिकोटचं काय? चार मुसलमान सुलतान एक झाले आणि विजयनगर बुडवलं. ती एकी धर्माची नव्हती का? होती, घोषणा तरी तीच होती. पण त्याच्या आधीचं बघा. गोवळकोंड्याचा इब्राहिम कुतुबशाह तरुणपणी सात वर्षं विजयनगरच्या आश्रयाला राहिला होता. विजापूरचा अली आदिलशाह रामरायाचा मुलगा वारला तेव्हा सांत्वनाला त्याच्या घरी गेला होता. अहमदनगर आणि विजापूर यांनी आलटून पालटून रामरायाला बरोबर घेऊन एकमेकांना बदडलं होतं. रामराय डोईजड झाला तेव्हा कुठे सगळ्यांना एकी आठवली, आणि मग सोयरिक करून ती पक्की केली. हुसेन निजामशाहाची मुलगी चांदबिबी आदिलशहाला दिली, हुंड्यात सोलापूर! वऱ्हाडचा इमादशाह तर या एकीत आलाच नाही. आणि लढाई जिंकल्यावर? काही वर्षांतच भांडणं पुन्हा सुरू. १५७४ मध्ये अहमदनगरने अख्खं वऱ्हाड गिळलं, राजा-प्रजा-धर्म काही न बघता.

मला या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं वर्ष १५६५ वाटत नाही. १५८९ वाटतं. त्या साली अहमदनगरात सत्ता जमालखान नावाच्या सरदाराच्या हाती गेली. तो महदवी पंथाचा. गादीवर एक पोरसवदा राजा बसवून त्याने महदवी पंथ राज्याचा पंथ ठरवला. त्याच वर्षी शहरात आफाकी लोकांची कत्तल झाली. ज्यांनी पन्नास वर्षं राज्याला विद्या पुरवली, शस्त्रं पुरवली, ती माणसं रस्त्यावर कापली गेली, उरलेली पळाली. त्यात आपला फिरिश्ताही होता! तो विजापूरला गेला आणि आपला जाडजूड इतिहास त्याने तिथे बसून लिहिला. पाथरीची कथा आपल्याला कळते ती अहमदनगर सोडून जावं लागलेल्या माणसाच्या लेखणीतून.

पुढचं अगदी उतारावरून सुटलेल्या गाडीसारखं झालं. १५९५ मध्ये आपसातल्या भांडणात एका तटाने स्वतःहून मुघल शाहजादा मुरादला बोलावलं. चांदबिबीने किल्ला लढवला, पण वऱ्हाड द्यावंच लागलं. वऱ्हाडाच्या नावाखाली मुघलांनी पाथरीही दाबली, त्यावरून पुन्हा तंटा, आणि १५९७ मध्ये पाथरीपासून बारा कोसांवर आष्टीजवळ मोठी लढाई झाली. दख्खनी फौजा तिथे एकत्र लढल्या आणि हरल्या. १६०० मध्ये चांदबिबीला तिच्याच माणसांनी मारलं आणि नगरचा किल्ला पडला. मलिक अंबरने नंतर पंचवीस वर्षं मोडकं राज्य चालवलं, शहाजीराजांनी अखेर एका लहान मुलाला गादीवर बसवून प्रयत्न केला. १६३६ ला संपलंच.

मग युरोपात हीच भांडणं झाली तरी ते पुढे का गेले? तिथेही धर्मावरून तीस-तीस वर्षं रक्त सांडलं, १६१८ ते १६४८. तिथेही स्पेनने १४९२ मध्ये ज्यू हाकलले, १६०९ पासून मोरिस्को हाकलले, आणि स्वतःचेच कारागीर घालवले. मला वाटणारा फरक एवढाच की, तिकडे हळूहळू विद्यापीठं, छापखाने, व्यापारी कंपन्या उभ्या राहिल्या. राजा मेला तरी त्या उद्या सकाळी उघडत होत्या. आपल्याकडे विद्या उस्तादाच्या हातात आणि उस्ताद राजाच्या मर्जीत. गावानला मारलं की त्याचा मदरसा पोरका. मुलूखमैदान तोफच बघा ना, १६३२ मध्ये ती विजापूरकरांनी नेली, १६८६ मध्ये विजापूर जिंकल्यावर औरंगजेबाने तिच्यावर आपलाही लेख कोरून घेतला. प्रत्येकाने तोफ जिंकली. तशी दुसरी ओतावी असं काही कोणाला वाटलं नाही. आपल्याला आजही बाहेरून मशीन आणून तिच्यावर आपला स्टिकर लावायची सवय आहेच की! असो, तो वेगळा लेख होईल.

ही सगळी गोष्ट मी दिवाळीच्या सुट्टीत आबांना सांगितली. आम्ही एसटीने पाथरीवरूनच येत होतो. पाथरी आता साईबाबांच्या जन्मस्थानाच्या दाव्यामुळे सगळ्यांना माहीत झाली आहे. जानेवारी २०२० मध्ये मुख्यमंत्र्यांनी पाथरीसाठी शंभर कोटी जाहीर केले आणि तिकडे शिर्डी बंद झाली. (म्हणजे पाथरीवरून भांडण हे काही फक्त निजामशाह-इमादशाहांच्या नशिबी नव्हतं.) आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बहमनी, गावान, तोफ, तालिकोट, सगळं. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलतील, धर्माबद्दल, माणसांबद्दल.

आबा म्हणाले, “त्या कुलकर्ण्यांचं इनाम अकबरानं कामून काढून घेतलं? कागद नव्हते का त्यांच्याकडं?”